काचेमागचा लोखंडी मासा

"ह्या दोघांची शर्यत लावली तर कोण जिंकेल?"

मित्रांनो, हा प्रश्न आला तेव्हा मागे उभ्या मुली एकमेकींच्या पाठीत तोंड लपवून खिदळत होत्या. 'केंद्रप्रमुखांना विचारून दाखव, तर खरी!' अशी त्यांनी टकळीशी पैज लावली होती. टकळी म्हणजे आमच्या सागर केंद्रातल्या मोजणीवाल्या बाईंची मुलगी. ती पैजेतून माघार घेईल तर शपथ!

आणि 'हे दोघं' म्हणजे काचेच्या कपाटातला मी, आणि बाहेर टेबलावर मिरवणारा माझा नवा भाऊ.

मी आहे प्लवक पकडणारा जुना लोखंडी मासा. प्लवक म्हणजे समुद्रात तरंगणारे इवलेसे जीव. मासोळीपासून देवमाशापर्यंत सगळ्यांचं पोट त्यांच्यावर चालतं. मालवाहू जहाजामागे मला दोराने ओढत नेत. नाकातल्या भोकातून पाणी आत शिरे, पोटातल्या रेशमी पट्टीतून गाळलं जाई, आणि प्लवक पट्टीवर अडकून राही. शेपटीचा पंखा फिरे, तशी पट्टी पुढे सरके. बंदराला आलो की टकळीचे बाबा, म्हणजे आमचे मिस्त्री, मला गोड्या पाण्याने न्हाऊ घालत. "आज काय दाबून जेवलास रे!" असं ते म्हणत, तेव्हा माझा गंजसुद्धा लाजे. मग टकळीची आई ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरून एकेक जीव मोजी. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. समुद्राची तब्येत त्यावरून कळे.

मग नवा आला. त्याच्या पट्टीचं कापड माझ्यापेक्षा बारीक विणीचं! मला पुसलं, कपाटात उभं केलं, कुलूप लावलं. जन्मभर इतरांना अडकवणारा मी स्वतःच अडकलो. डोक्यावर दिवा, पायाखाली मखमल, नाकाशी काच. समोरच्या खिडकीतून समुद्र दिसे, तेच जास्त छळे. कुणी दार आपटलं की माझा पंखा जरासा हले, आणि पुन्हा गप्प. मुलं काचेला नाक लावून वाकुल्या दाखवत. मलाही दाखवायच्या होत्या, पण जीभ कुठून आणू?

त्या दिवशी केंद्रप्रमुख केंद्र बघायला आलेल्या मुलांना खुशीत सांगत होते, "नव्या यंत्रात प्लवक भरभरून येतंय. समुद्र ठणठणीत झाला! आता ही मोजणी बंद केली तरी चालेल." टकळीच्या आईचा चेहरा पडला. तेवढ्यात तो प्रश्न आला.

केंद्रप्रमुख हसले. "अगं, हे काय घोडे आहेत?"

"तसं नाही हो सर!" टकळीची जीभ आता पैजेच्याही पुढे धावत होती. "दोघं कधी एकाच पाण्यात सोबत गेलेत का? आमच्याकडे बाबांनी चहाची गाळणी बदलली, बारीक जाळीची आणली. लगेच गाळणीत गाळ वाढला. चहापत्ती तीच होती!"

आई हळूच म्हणाली, "खरंच की. नव्याच्या कौतुकात दोघांना सोबत सोडायचं राहूनच गेलं."

मिस्त्रींनी कुलूप काढलं. माझ्या विणीचं थोडं कापड कार्यशाळेत शिल्लक होतं. एकाच जहाजामागे आम्ही भाऊ पाण्यात पडलो. अहाहा, ते पाणी! माझा पंखा आधी कुरकुरला, मग जो काही गरगरला! एका फेरीवर विसंबायला नको, म्हणून आम्हाला पुन्हा पुन्हा सोडलं. दर वेळी नव्याची पट्टी गच्च भरलेली, आणि माझी मात्र पूर्वीपेक्षा विरळ, फिकट. समुद्र सुधारला नव्हता, फक्त गाळणी बारीक झाली होती. उलट त्याची तब्येत खालावलीच होती. केंद्रप्रमुखांनी मोजणी बंद करण्याचा विचार सोडून दिला.

आणि माझं? मिस्त्रींनी मला पुसलं आणि पुन्हा कपाटाचं दार उघडलं. "चल बाबा, तुझं काम झालं." मखमल दिसताच माझा पंखा गारठला.

मित्रांनो, धूळ पुसून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. माझ्यासारख्याला जपायचं, तर हाती काम राहू द्या.

हे मला बोलता येत नव्हतं. टकळीला येत होतं. ती कपाटाच्या दारात आडवी उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. हा आत जाणार नाही. नव्याच्या जोडीला हाही पाण्यात जात राहील, आणि ह्याची पट्टी मोजायला मी शिकणार. आजपासून. विचारत नाहीये, सांगतेय. आणा ती किल्ली इकडे!"