सगळ्या झडपा उघड्या

“परत कुनी उघडली रं ही?”

नागू विरले शिडीच्या सहाव्या पायरीवरून ओरडला. खाली नऊ मशिनी घरघरत होत्या. एकाही माणसानं वर पाहिलं नाही. करवतीवरच्या धाऊनं तर न पाहण्यात इतका जोर लावला होता की त्याची मान लचकायची बाकी होती.

“धाऊ, तुला इचारतोय.”

“मला काय म्हाईत? वाऱ्यानं उघडली आसंल.”

“वारा पाइपाच्या आत आनि हँडल भाईर. वाऱ्याला हात फुटलं व्हय रं?”

“तुजा वारा हाय बाबा, तुलाच ठावं.”

ही गोष्ट चौक गावाच्या अलीकडच्या एका कारखान्यातली. तिथं लाकडी दारं बनतात. मी तिथं गेटवर वॉचमन होतो, त्यामुळं आत काय चालतं ते मला सगळं ठाऊक असायचं, आणि जे ठाऊक नसायचं ते सांगता यायचं.

लाकूड कापलं की भुसा उडतो. तो ओढून घ्यायला प्रत्येक मशिनीच्या तोंडाशी पत्र्याचा पाइप. ते नऊ पाइप वर जाऊन छताखालच्या एका जाडजूड पाइपाला मिळतात, तो भिंतीतून बाहेर पडतो, बाहेर पंखा, आणि पंख्यापुढं दोन पुरुष उंचीच्या कापडी पिशव्या. हवा कापडातून निघून जाते, भुसा पिशवीत राहतो. त्या पंख्याचा ओढा मी काय सांगावा! आमच्या आधीच्या सुपरवायझरची टोपी एकदा करवतीपाशी वाकताना गेली. चार महिन्यांनी पिशवी उतरवली तेव्हा टोपी मिळाली, आणि तिच्यात चिमणीचं घरटं. घरटं मी डोळ्यांनी पाहिलंय. पिल्लं नाही पाहिली, ती तोवर मोठी होऊन उडून गेली होती.

पण ओढा कितीही झाला तरी शेवटी मोजकाच. पंख्याजवळच्या मशिनी हवा आधी पिऊन घेतात, आणि शेवटच्या टोकाला उरतो तो नुसता उसासा. म्हणून प्रत्येक पाइपात पत्र्याची एक झडप असते आणि बाहेर तिचं हँडल. हँडल पाइपाच्या रेषेत असलं की झडप पूर्ण उघडी, आडवं असलं की बंद. कुठली किती दाबायची आणि सगळ्यांना पुरेल असं वाटप कसं करायचं, हे नागूचं काम. बावीस वर्षं तो तेच करत होता. नोकरीच्या कागदावर मात्र ‘हेल्पर’ एवढंच लिहिलेलं.

शेवटच्या टोकाला, नववी मशीन म्हणून धरलेलं, सँडिंगचं टेबल होतं. सात बायका दारांना पॉलिश पेपर मारायच्या. ती धूळ म्हणजे तांदळाचं पीठ. सकाळी आठला त्यांच्यात कुणी पंचविशीची असायची, कुणी चाळिशीची. दुपारी जेवायला बसल्या की सातही जणी साठीच्या. खरी साठीला टेकलेली एकटी इंदूबाई. ती कशेळ्याच्या पुढच्या वाडीवरून यायची, आधी जीप आणि कर्जतपासून कंपनीची बस. खोकत नसेल तेव्हा बोलायची आणि बोलत नसेल तेव्हा खोकायची.

त्या गुरुवारी सुपरवायझर निलेश एक कागद घेऊन टेबलापाशी आला.

“सोमवारी पुण्याहून साहेब येणारेत. टेबलाजवळची धूळ मोजणार. मापात नसेल तर टेबल बंद, सँडिंग बाहेर द्यायचं.”

“भाईर म्हंजी कुटं?” इंदूबाईनं विचारलं.

“भिवंडीला.”

“आनि आमी?”

निलेशनं कागद उलटून पाहिला. मागं काही लिहिलेलं नव्हतं.

इंदूबाई उठली ती थेट शिडीखाली आली. “नागू, खाली उतर. तुज्या त्या नल्यांचं काय ते बग. सात घरांची चूल हाय रं.”

“सोमवारपर्यंत करतो, इंदूबाय.”

“करतो म्हनलास हां. समद्यांच्या देखत म्हनलास.”

“म्हनलो ना!”

आता नागूपाशी यंत्र कुठलं? गवंडी लोक लेव्हल बघायला पाण्याची नळी वापरतात ना, तसली एक आरपार नळी. तिच्यात पाणी, आणि पाणी नीट दिसावं म्हणून कोकमाचा रंग. पाइपाला छोटं भोक पाडून नळीचं एक टोक तिथं लावायचं. हवेचा ओढा असेल तितकं लाल पाणी वर चढतं. कुठल्या मशिनीला पाणी कुठवर चढलं की तिचं पोट भरलं, ते त्याला पाठ होतं. नळी घेऊन तो गुरुवारी दिवसभर फिरला. एक झडप दाबली की बाकीच्या आठांचं पाणी हलतं, म्हणून परत पहिल्यापासून. पाच फेऱ्या झाल्या आणि चारच्या सुमाराला टेबलावर असा ओढा आला की हातरुमाल चिकटून बसला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

साडेचारला चहा झाला. पावणेपाचला रुमाल खाली पडला.

सगळ्यांनी आपापली हँडलं परत सरळ करून ठेवली होती. भातवाल्या गावांतली माणसं ही. समोर हँडल अर्धं दिसलं की त्यांना वाटायचं, आपल्या वाट्याचं कुणीतरी मारतंय.

“धाऊ, तुला लागतं तेवडंच ठिवलंय रं.”

“मंग माजंच हँडल वाकडं का? म्हातारीचं वाडव की.”

“तिचं पुरं उघडं हाय. आजून किती उघडू? पाइप फाडू?”

“फाड. पन माजं सरल पायजे. लोक बगतात.”

शुक्रवारी नागू चिडला. त्यानं धाऊची झडप घट्ट दाबली, हँडल तारेनं बांधलं आणि तारेला चार पीळ जास्त दिले. तिथं त्याचं चुकलं. हवा अगदीच कमी झाली की पाइपातला भुसा उडत नाही, बसतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत करवतीचा पाइप अर्धा भरला. नागूनं बोटानं वाजवून पाहिलं तर टण् वाजायचं ते ढब वाजलं. तेवढ्यात वरचा सांधा निसटला आणि सगळा भुसा धाऊच्या अंगावर आला. धाऊ तब्बल दहा मिनिटं दिसत नव्हता. आम्ही त्याला शिंकांवरून शोधून काढला.

निलेशनं नागूला सगळ्यांपुढं झापलं. “बावीस वर्षं काय केलंत, नागूदादा? तुमच्यानं होत नाही तर सांगा तसं.”

नागूनं फावडं उचललं. भुसा भरताना इंदूबाई त्याच्यापाशी आली. वाटलं आता ही पण तोंडसुख घेणार. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे रं. भिवंडी तर भिवंडी,” आणि खोकत परत गेली. शिव्या दिल्या असत्या तर नागूला बरं वाटलं असतं. त्या संध्याकाळी बसला जाताना तो माझ्याशी तंबाखूपुरताही थांबला नाही.

शनिवारी त्यानं शिडीला हातसुद्धा लावला नाही. रविवारी सकाळी नऊला मात्र तो गेटवर हजर. कारखान्याला सुट्टी. पोशीरहून स्वतःच्या मोटारसायकलवर आलेला, पिशवीत नळी, पाना आणि रिबेटं.

“पंखा चालू कर,” तो मला म्हणाला.

“कशाला?”

“ग्रीस मारायचं हाय.”

“ग्रीस मारायला पंखा चालू लागतो?”

“माज्या ग्रीसला लागतो.”

मी बटण दाबलं. त्या दिवसाचा साक्षीदार मी एकटाच आहे, तेव्हा विश्वास ठेवायचा तर माझ्यावरच ठेवावा लागेल.

काम करता करता नागूनं बापाची गोष्ट सांगितली. उन्हाळी भाताला कालव्याचं पाणी यायचं तेव्हा त्याचा बाप गावाचा पाटकरी होता, म्हणजे कुणाच्या शेतात किती पाणी सोडायचं ते ठरवणारा. वरच्या अंगाचे शेतकरी आपल्या पाटाचं दार अर्धं बंद दिसलं की फावडं घेऊन धावायचे. बापानं काय करावं? दारं सगळ्यांची सताड उघडी ठेवली आणि प्रत्येकाच्या तोंडाशी, पाण्याखाली, मापाचा एकेक धोंडा बसवला. वरून बघणाऱ्याला दार उघडं, खालून पाणी बेतानं. चाळीस वर्षांत पाण्यावरून एक भांडण नाही. एकच झालं, पण ते वरातीत कोण पुढं नाचणार यावरून.

“काल झोपताना धोंडा आठवला,” नागू म्हणाला. “म्हनलं, आयला, पाइपात धोंडा नाय बसत, पन हँडल तर फिरतंय!”

झडपेचा दांडा गोल होता आणि हँडल त्यावर नुसतं बोल्टानं आवळलेलं. नागूनं बोल्ट सैल केले. टेबलाची झडप पूर्ण उघडी ठेवून तो पंख्याकडं सरकत गेला. नळीत बघायचं, झडप केसभर दाबायची, पुढं जायचं, आणि शेवटपर्यंत जाऊन परत पहिलीपाशी यायचं. अशा सात फेऱ्या. धाऊच्या पाइपाला त्यानं अकरा वेळा तरी कान लावला असेल. भुसा उडत राहील आणि वर एक फुंकर जास्त जाणार नाही, इतकंच. मग झडप दांड्यासकट हातानं धरून ठेवली, हँडल मोकळं फिरवून पाइपाच्या रेषेत सरळ केलं आणि बोल्ट आवळला. त्यापुढं हँडल जाऊ नये म्हणून एक रिबेट ठोकलं.

दुपारी दोनला आम्ही दोघं खाली उभे राहून वर बघत होतो. आठ हँडलं बदललेली, आणि टेबलाचं धरून नऊच्या नऊ अगदी सरळ, पूर्ण उघडी.

“नागू,” मी म्हटलं, “ही तर सरळ सरळ फसवणूक आहे.”

“व्हय. चांगली बसलीय का सांग.”

सोमवारी सकाळी धाऊ कामावर आला. आधी वर पाहिलं. हँडल सरळ. त्यानं शेजारच्याला कोपर मारलं. “नमला नागू!” सगळ्यांनी आपापली हँडलं बघून घेतली आणि खुशीत मशिनी सुरू केल्या.

अकरा वाजता पुण्याचे साहेब आले. साईराज नाव, तिशीतला माणूस, हातात धुळीचं यंत्र, गळ्यात हवा मोजायचं पंख्यासारखं फिरणारं दुसरं आणि काखेत नकाशा. टेबलावर धूळ मोजली. परत मोजली. मग यंत्रावर फुंकर मारून तिसऱ्यांदा मोजली. मापाच्या निम्मीसुद्धा नव्हती. मग तो नऊही मशिनींवर फिरला, प्रत्येक ठिकाणी आकडा लिहून घेतला, आणि शेवटी छताकडं बघत उभा राहिला.

“सगळ्या झडपा पूर्ण उघड्या आहेत,” तो म्हणाला, “आणि तरी सगळीकडं बरोबर हवा? हे असं होत नसतं. शेवटच्या टोकाला काही पोचायलाच नको.”

धाऊ करवत बंद करून पुढं आला. “साहेब, मी पयल्यापास्नं हेच सांगतोय. समद्यांची पुरी उघडी ठिवा, समद्यांना पुरतंय. हा नागू ऐकल तवा! उगा दाबत बसायचा.”

साहेबानं नागूकडं पाहिलं. “तुम्ही बघता का हे? काय केलंत तुम्ही?”

मी गेट सोडून दारापर्यंत आलो होतो. नागूचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पुण्याचा माणूस त्याला विचारत होता की तुम्ही काय केलंत. त्याच्या मागं धाऊ उभा, धाऊच्या मागं आणखी सात जण, आणि भिंतीला पान्यांचा फळा. खरं सांगितलं असतं तर चहाच्या सुट्टीच्या आत आठही बोल्ट सैल झाले असते.

“मी नुसता ग्रीस मारतो, साहेब,” नागू म्हणाला. “धाऊ म्हनतो तेच बरोबर.”

“बगा!” धाऊ म्हणाला, आणि त्यानं नागूच्या पाठीवर अशी थाप मारली की कालचं ग्रीस पण हललं असेल.

साहेबानं अहवालात लिहिलं, ‘पाइपांची रचना मुळातच समतोल. झडपांना हात लावू नये.’ निलेशनं त्याखाली सही केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं. टेबल राहिलं. सात बायकांनी एकदम बोलायला सुरुवात केली ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबली नाही.

सुट्टीत इंदूबाई गेटवर आली. हातात कापडी पिशवी, तोंडापर्यंत वालाच्या शेंगांनी भरलेली. घरामागच्या वाफ्यातल्या, सकाळी तोडलेल्या. टेबल गेलंच तर शेवटच्या दिवशी सगळ्यांना वाटायला आणलेल्या. मागून नागू आला.

“नागू, ही साहेबाच्या गाडीत ठिव. मडक्यात भाजून पोपटी लावा म्हनावं घरी. देवमानूस रं तो. नुसतं यंत्र फिरवलं आनि धूल गप बसली.”

“हाय खरा देवमानूस.”

“तू दोन दिस नली घिऊन नाचलास, काय झालं?”

“काय नाय झालं.”

“रागावलास व्हय?”

“नाय गं इंदूबाय. दे पिशवी.”

ती वळून गेली, आणि चालता चालता टेबलावरच्या हर्षलाला काहीतरी ओरडून सांगितलं. न खोकता, एका दमात, पार पत्र्याच्या शेडपर्यंत ऐकू गेलं. नागू ते ऐकत पिशवी घेऊन तसाच उभा राहिला.

मग तो साहेबाच्या गाडीपाशी गेला. मी डिकी उघडून धरली. त्यानं यंत्राची पेटी एका बाजूला सरकवली, वळणावर शेंगा सांडू नयेत म्हणून पिशवीला नकाशाच्या गुंडाळीचा टेकू दिला. एक शेंग काढली, सोलली, कोवळे दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटून चावले.

टरफल त्यानं खिशात घातलं. साहेबाच्या गाडीत कचरा नको.