माझ्या पोटातली बंद खोली

ज्या डब्याला तुम्ही सगळे बिनदिक्कत ‘सीपीयू’ म्हणता, त्या डब्याच्या पोटात स्क्रूंनी आवळून उभा केलेला मदरबोर्ड मी आहे. प्रोसेसर माझ्या अंगावर बसतो, मेमरी माझ्या खाचांत उभी राहते, पंखा माझ्या छातीवर गरगरतो. आणि नाव घ्यायची वेळ आली की घेतात डब्याचं. जाऊ द्या. नावासाठी मी भांडत नाही. माझं भांडण वेगळं आहे, आणि ते तुमच्यापुढे मांडल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

कुठल्याशा परदेशी कारखान्यात वितळलेल्या कथिलातून मी बाहेर पडलो. तिथं माझ्यात एक छोटी कायमची स्मृती भरली गेली. तिला बायोस म्हणतात. तुम्ही बटन दाबलं की विंडोजच्या आधी मी जागा होतो तो तिच्या जोरावर. पंखा फिरतोय का, मेमरी जागेवर आहे का, कुठली सोय चालू ठेवायची, कुठली बंद, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं.

त्या सोयींत एक मोठी अजब आहे. माझ्यात एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर नांदवता येतो. एकाच घरात दोन चुली, दोन्हींचा धूर वेगळा, कुणाचं कुणाशी वाकडं नाही. व्हर्च्युअलायझेशन म्हणतात त्याला. कारखान्यानं मला ती खोली बांधून दिली, आणि तिच्या दाराला कडी लावून मला खोक्यात भरलं. आतल्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत एक ओळ होती. खोक्याबरोबर ती पुस्तिकाही गेली. घेणाऱ्याला कुणी सांगितलं नाही की बाबा, तुझ्या घरात एक खोली जास्तीची आहे.

घेणारा होता देवळीचा धनंजय. बसस्टँडजवळ त्याचं इंटरनेटचं दुकान होतं आणि समोर जिनिंग. कापसाचा हंगाम आला की हवेतली रुई माझ्या पंख्यात येऊन बसायची. धनंजय दुपारी डबा उघडायचा, तोंडानं फुंकर मारायचा आणि म्हणायचा, “आले पाहुणे!” माझ्यावर पोरांनी निकाल पाहिले, शेतकऱ्यांनी सातबारा काढले, एका नवरदेवानं लग्नपत्रिकेचा मजकूर इतक्या वेळा बदलला की धनंजय त्याला म्हणाला, “राजा, आता पोरगी तं नाई नं बदलून राह्यला?” मग सगळ्यांच्या खिशात फोन आले आणि दुकानात माशा. शेवटी धनंजयनं मला पुसून, पोत्यात गुंडाळून, बहिणीकडे नेऊन दिलं.

बहीण काजल. कानांच्या तपासणीचं रीतसर शिक्षण घेतलेली. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेत एका गाळ्यात तिनं ऐकण्याचं केंद्र उघडलं होतं. लोक म्हणतात तसं म्हणायचं तर कानाच्या मशीनचं दुकान. कुणाचं ऐकणं किती कमी झालंय ते ती तपासायची, कानाची मशीन तारेनं मला जोडायची आणि माझ्यावरच्या एका प्रोग्राममधून कुठला आवाज किती वाढवायचा ते त्या मशीनला शिकवायची. हे काम मला फार आवडलं. निकाल दाखवण्यापेक्षा हे बरं. निकाल पाहून निम्मे रडत जायचे. इथून जाताना माणसं रस्त्यावरच्या चिमण्यांकडे बघत जायची.

एक सांगून ठेवतो. पंख्याच्या घरघरीमुळे मला स्वतःला मोठ्यानं बोललेलंच तेवढं ऐकू येतं. काजलच्या दारात येणाऱ्या माणसांची आणि माझी गत सारखीच.

म्हणूनच बापूजी आणि देवकाबाई यांची सगळी हकीकत मला ठाऊक आहे. देवळीच्या पलीकडच्या खेड्यातलं हे म्हातारं जोडपं. देवकाबाईंच्या कानात चांगली मशीन होती, काजलनंच बसवलेली. पण वय वाढलं तसं ऐकणं आणखी उतरलं. बापूजी ओरडून बोलायचे. गाळ्यात बसले की समोरचा चहावालासुद्धा ऐकायचा.

“मशीन चांगली हाय, बाई!” ते काजलला सांगत होते. “हिचं आयकनं कमी झालं! मशीनचा आवाज वाढवून दे, बस!”

“बापूजी, मला ऐकू येतं. माझ्याशी हळू बोला,” काजल हसून म्हणाली.

“सवय होऊन गेली नं. सारी जिंदगी हिच्याशी कधी आवाज चढवून बोललो नाई मी. आता ‘भाजीत मीठ कमी हाय’ म्हटलं तं शेजारचा मीठ घेऊन येते. घरातली गोठ घरात राह्यत नाई.”

देवकाबाई हसल्या. त्या सगळ्यालाच हसायच्या. ऐकू आलं नाही की हसून मान डोलवायची, ही त्यांची युक्ती. एरवी ती खपून जायची. पण मागे शेजारचा तानबा वारला, आणि त्याची बायको दारात येऊन सांगायला लागली, तेव्हाही देवकाबाई हसल्या, मान डोलावली. ती बाई आल्या पावली परत गेली. गावात बोभाटा झाला. त्या दिवसापासून देवकाबाईंनी कुणाच्या घरी जाणं सोडलं. लग्नाला नाही, बारशाला नाही. अंगणाच्या बाहेर पाय नाही.

“घरात मुकी होऊन बसली,” बापूजी ओरडले, आणि ओरडता ओरडता त्यांचा आवाज चिरकला. “तेवढं करून दे, बाई.”

काम मिनिटांचं होतं. पण होत नव्हतं, आणि त्याचं कारण मी होतो. म्हणजे लोकांच्या मते मी.

झालं असं की त्याच्या थोडं आधी माझ्यावरचं जुनं विंडोज काढून नवं टाकलं होतं. टाकणारा होता रजत, वर्ध्याच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातला. नव्या विंडोजवर देवकाबाईंच्या मशीनचा प्रोग्राम चालेना. मशीन बनवणाऱ्यांनी ते मॉडेल बंद केलेलं, प्रोग्राम कधीच सोडून दिलेला. काजलनं शोधाशोध केली तेव्हा तिला कळलं की नव्या विंडोजच्या आत जुनं विंडोज वेगळ्या चुलीसारखं थाटता येतं. तिनं त्यासाठीचा प्रोग्राम उतरवला. सुरू केला. पाटी आली: व्हर्च्युअलायझेशन या यंत्रात उपलब्ध नाही किंवा बंद आहे.

तिनं रजतला बोलावलं. तो आला, बापूजींच्या शेजारच्या खुर्चीवर बसला, पाटी वाचली.

“ताई, उपलब्ध नाई म्हणते. जुना बोर्ड. भंगार आहे हा. नवीन घेऊन टाका.”

अरे, पाटीत दोन गोष्टी लिहिल्या होत्या! ‘किंवा बंद आहे’ हे शब्द कुणाच्या घरचे? अर्धी पाटी वाचून निकाल देणारी माणसं मी देवळीलाही पाहिली, वर्ध्यालाही पाहिली. डबा उघडून बघायचे कष्ट नाहीत, बायोसमध्ये डोकवायचे कष्ट नाहीत. जुनं दिसलं की भंगार. मशीनला भंगार म्हणायचं, बोर्डाला भंगार म्हणायचं, आणि मग आजींची नुसती मान हलते म्हणून त्यांनाही हळूहळू त्याच ढिगात टाकायचं. मला तोंड असतं तर त्या दिवशी वर्धा रोडवर ऐकू गेलं असतं.

काजलनं मात्र पाटी पूर्ण वाचली होती. “किंवा बंद आहे, असंही लिहिलंय, रजत.”

“ताई, कंपनीवाले तसं लिहूनच ठेवतात.”

तिनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मोबाईलवर काहीतरी वाचलं, मला बंद करून पुन्हा चालू केलं आणि लगेच डिलीटची कळ टकाटका दाबत राहिली. माझा निळा पडदा वर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या स्वतःच्या घरात पाऊल ठेवलं होतं. तिला तिथलं काही ओळखीचं नव्हतं. एकेक ओळ बोटानं धरून वाचत ती गेली, तारखेपासून पंख्याच्या वेगापर्यंत, आणि प्रोसेसरच्या पानावर थांबली. तिथं माझी खोली होती. पुढे लिहिलेलं: बंद.

तिनं ते ‘चालू’ केलं. बदल जतन केले. मी पुन्हा उठलो. तिनं प्रोग्राम उघडला.

तीच पाटी.

“म्हटलं होतं नं,” रजत म्हणाला. त्याच्या आवाजात खोडसाळपणा नव्हता, उलट थोडी कीवच होती. तेच जास्त लागलं.

मी आतून किंचाळत होतो. माझ्या पिढीच्या काही बोर्डांचा एक स्वभाव आहे. रीस्टार्ट म्हणजे आमच्यासाठी नुसती डुलकी. अंगातली वीज तुटतच नाही. काही बदल असे असतात की एकदा पूर्ण विझल्याशिवाय ते आमच्या गळी उतरत नाहीत. मला भिंतीपासून बंद करा, एवढंच सांगायचं होतं. पण काजल दाराजवळच्या भिंतीवरचं माझं बटन कधी बंद करायची नाही. घरी जातानासुद्धा विंडोज बंद करायची आणि माझा एक हिरवा दिवा रात्रभर लुकलुकत राहायचा.

“आजी, बापूजी,” ती उठून म्हणाली, आणि मग आवाज वाढवून पुन्हा म्हणाली, “इथं नाही होणार! मी नागपूरला विचारते! कुणाकडे तरी जुना कॉम्प्युटर असेल!”

देवकाबाई हसल्या. मान डोलावली.

बापूजींनी मात्र ते नीट ऐकलं होतं. त्यांनी बायकोचा हात धरला, दुसऱ्या हातानं पिशवी उचलली. “चाल, देवका. बस भेटते.”

आता बापूजींची एक सवय सांगायची राहिली. खोलीतून बाहेर पडताना दाराजवळची सगळी बटनं बंद करायची. मागे कुणी बसलंय का, हे पाहायचं नाही. त्यांच्या घरी शेवटी निघणाऱ्यानं दिवे, पंखे, सगळं बंद करायचं अशी रीत, आणि ती रीत ते जिथं जातील तिथं घेऊन जायचे. मागच्या दोन खेपांना त्यांनी काजलला अंधारात बसवलं होतं. देवळीत बँकेतल्या साहेबांच्या डोक्यावरचा पंखा एकदा बंद करून आले होते, असं त्यांनीच सांगितलेलं.

या वेळी पिशवी धरलेल्या हाताच्या पालथ्या बाजूनं त्यांनी सगळी रांग खाली ओढली. दिवा, पंखा आणि मी.

मी विझलो. अगदी पूर्ण. छातीवरचा पंखा थांबला, अंगातली शेवटची वीज ओसरली, हिरवा दिवाही गेला. त्या शांततेत माझ्या आत कुठेतरी कडी सरकली.

“बापूजी!” काजल ओरडली असणार. मला ते नंतर रजतच्या हसण्यावरून कळलं. मी शुद्धीवर आलो तेव्हा बापूजी दारात अपराध्यासारखे उभे होते.

“सवय हाय, बाई. काही बिघडलं तं नाई नं? सारं चालू करून दाखव, तवाच जाईन मी. नाईतं रातभर झोप नाई लागनार.”

“काही नाही बिघडलं हो.”

“दाखव नं पन.”

त्यांच्या समाधानासाठी काजल एकेक गोष्ट उघडून दाखवत गेली. हे पाहा तपासणीचं चित्र. हा पाहा प्रिंटर. आणि हा पाहा तो प्रोग्राम, जो आधीही चालत नव्हता.

पाटी आली नाही. पडद्याच्या आत एक छोटा पडदा उघडला, काळा झाला, आणि त्यातून जुनं विंडोज डोळे चोळत उठलं.

रजत खुर्चीतून उठला. “काय केलं, बापूजी?”

“बटन बंद केलं नं, बाबा. सॉरी.”

पुढचं माझ्या ओळखीचं काम. काजलनं त्या आतल्या विंडोजमध्ये प्रोग्राम टाकला, देवकाबाईंच्या कानातली मशीन तारेनं जोडली. बारीक आवाज वाढवले, ताटवाट्यांचे कर्कश आवाज दाबले. मग कागद तोंडापुढे धरला, ओठ दिसू नयेत म्हणून, आणि हळूच काहीतरी विचारलं, बहुतेक सकाळी काय जेवलात ते. देवकाबाई हसल्या नाहीत, मान डोलावली नाही. त्यांनी कागदाकडे बघितलं आणि खणखणीत उत्तर दिलं, “भात!”

“देवका, आयकू येऊन राह्यलं का?” बापूजी नेहमीच्या आवाजात गरजले.

देवकाबाईंनी दोन्ही हात कानांवर घेतले. “अजी, वरडता काऊन? मी काई बहिरी हाओ का?”

काजल हसता हसता डोळे पुसू लागली. रजत माझ्या डब्यावरची धूळ बाहीनं पुसत होता.

आज मी अजून तिथंच आहे. बदललेल्या सोयी लक्षात ठेवणारा, माझ्या अंगावरचा बटनासारखा छोटा सेल आता थकत आलाय. तो संपला की माझी तारीख मागे जाईल, आणि ती खोली पुन्हा बंद होईल. मी भांडखोर आहे, पण हे मागणं हात जोडून करतो. तेव्हा मला भंगारात काढू नका. नवा सेल बसवा, निळ्या पडद्यावर या, ओळी शेवटपर्यंत वाचा, कडी काढा, आणि मला एकदा भिंतीपासून पूर्ण विझू द्या. आणि तुमच्या घरात कुणी गप्प बसून नुसतं हसत मान डोलवत असेल, तर त्यालाही मोडीत काढण्याआधी एकदा विचारा.

त्या दिवशी निघताना बापूजींचा हात पुन्हा बटनांकडे गेला होता. काजलनं नुसते डोळे वटारले. त्यांनी जीभ चावली आणि हात मागे घेतला. मग ते बायकोकडे वळले आणि काहीतरी बोलले. ओठ जेमतेम हलले. काय बोलले ते मला सांगता येणार नाही. माझा पंखा चालू होता.

देवकाबाईंनी मात्र ऐकलं. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “हाओ. पन अगुदर तानबाच्या घरी जाऊ. त्याच्या बायकोजवळ बसाचं हाय मले.”