छातीवरचा कोयता

रविवारी नेऱ्याला दाजी भगतांच्या आंब्याखाली पाय ठेवायला जागा नसे. पनवेलहून सहा आसनी रिक्षा भरभरून माणसं येत. दाजींची ख्याती एकच, पण जबर. कुणाला कोणतं स्वप्न पडणार ते दाजी आधीच सांगत, आणि ते पडत असे. पावसाचा अंदाज चुकेल, दाजींचं स्वप्न चुकायचं नाही, असं लोक छातीठोकपणे सांगत.

२०१० सालच्या माघातल्या त्या रविवारी पहिल्या रांगेत विचुंब्याची किशोरी बसली होती. केस मोकळे, डोळे सुजलेले. शेजारी सासरे काशिराम आणि त्यांच्या पलीकडे सासू सोनाबाई. सोनाबाईंच्या मांडीवर किशोरीची चार महिन्यांची समृद्धी रडत होती. रडली तरी आईनं हात लावायचा नाही, असा दाजींचा हुकूम होता.

"आली?" दाजींनी विचारलं.

किशोरीनं मान हलवली.

"हिरवा लुगडा? मोठा कुंकू?"

मान पुन्हा हलली. गर्दी हळहळली. दाजींनी डोळे मिटून सांगितलं की सॅटेलाइट काय, कालपरवा निघाला, आपली दृष्टी सात पिढ्यांची आहे. लोकांनी हात जोडले. सात पिढ्यांपूर्वी हे कुणाची स्वप्नं बघत होते, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही.

हे सगळं सुरू झालं पौषात. किशोरीचा नवरा परेश बंदरावर ट्रेलर चालवायचा, त्यामुळे रात्री घराबाहेरच. बाळ दर दोन तासांनी उठायचं आणि किशोरीच्या झोपेचे तुकडे तुकडे व्हायचे. एका पहाटे तिला जाग आली ती अंगाचा दगड होऊनच. डोळे उघडे होते, वर फिरणारा पंखा दिसत होता, शेजारी मुलगी भुकेनं रडत होती, आणि किशोरीला हात उचलवत नव्हता. ओठ हलत नव्हते. छातीवर कुणीतरी बसलं होतं. तिनं सासूला हाक मारली, पण ती हाक तिच्या आतच राहिली. थोड्या वेळानं सगळं आपोआप सुटलं, पण ती भीती सुटली नाही.

तिनं हे सोनाबाईंना सांगितलं, त्यांनी काशिरामना आणि त्यांनी दाजींना. दाजींनी तिथल्या तिथे निदान केलं. काशिरामची थोरली बहीण चंद्रावती चाळीस वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली होती. ती फक्त बाळंतिणीलाच धरते, म्हणाले. ती सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवून नेली होती, हे अर्ध्या विचुंब्याला ठाऊक होतं. पण दाजींच्या तोंडून ऐकल्यावर काशिरामना रडू कोसळलं. बहिणीसाठी वेळेवर गाडी आणता आली नाही, हा सल त्यांच्या मनात तेव्हापासूनच होता.

मग उतारा आला. बाळंतिणीच्या उशाखाली कोयता ठेवायची रीत आगऱ्यांच्या घरात जुनीच. दाजींनी तो उशाखालून काढून छातीवर आणला. गुरुवार आणि शुक्रवारी रात्रभर डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, दिवसाही झोपायचं नाही. शनिवारी रात्री उताणं निजायचं, हात सरळ, छातीवर कोयता. मग हिरव्या लुगड्यातली, मोठ्या कुंकवाची चंद्रावती येऊन दिसेल, असंही त्यांनी आधीच सांगून ठेवलं. दूध बाधेचं, तेव्हा मुलीला बाटली. तिसऱ्या रविवारपर्यंत सुटका झाली नाही तर येत्या अमावास्येला किशोरीला एकटीला करंजाला माहेरी पोचवायचं आणि मुलगी विचुंब्यात ठेवायची. हा दुसरा रविवार होता. परेशला तिनं विचारलं, तर तो म्हणाला, बाबा सांगतात तसं कर. अंगाला कुलूप, घराला कुलूप, आणि दोन्हीच्या किल्ल्या दुसऱ्यांकडे, अशी तिची गत झाली होती.

त्या रविवारनंतरच्या गुरुवारी लस द्यायला आरोग्य उपकेंद्राच्या वसुंधरा सिस्टर घरी आल्या. त्यांनी समृद्धीचं वजन केलं तर काटा मागच्या महिन्यातल्याच आकड्यावर. सिस्टरनी सोनाबाईंना चहा ठेवायला आत पाठवलं आणि किशोरीकडून सगळं काढून घेतलं.

"दाजींकडे जायच्या आधी तिचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं?" त्यांनी विचारलं.

किशोरी विचारात पडली. "लुगडं नव्हतंच. तोंडही नव्हतं. नुसता भार होता."

"म्हणजे लुगडं दाजींनी नेसवलं." सिस्टर हसल्या नाहीत. "अगं, स्वप्न पडतं तेव्हा मेंदू हातापायांना कुलूप घालतो. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरंच खाटेवरून पळत सुटेल. कधीकधी आपण आधी जागे होतो आणि कुलूप मागाहून निघतं. तेवढा वेळ डोळे उघडे असतात आणि स्वप्नही चालू असतं. मला नाइट ड्युटीत कितीदा झालंय. झोप मोडली की हे जास्त होतं, उताणं निजलं की आणखी जास्त."

"मग दाजी जे करायला सांगतात..."

"त्यानं बरं होत नाही, उलट वाढतं. पुन्हा झालं तर घाबरू नकोस. करंगळी हलवायचा प्रयत्न कर, किंवा कुणी हात लावला की सुटतं."

किशोरीला हे पटलं, पण घरात तिचं ऐकणार कोण? त्या रात्री ती पुन्हा जागत बसली. तिला डुलकी लागू नये म्हणून काशिराम समोर खुर्ची टाकून बसले. गुरुवारी बसले, शुक्रवारी बसले. साठीचा माणूस, पण हुकूम पाळण्यात पक्का.

शनिवारी दुपारी जेवून काशिराम ओटीवर आडवे झाले. हातात जमिनीच्या मोजणीची नोटीस होती, ती वाचता वाचता उताणेच झोपी गेले. कागद छातीवर राहिला. पाण्याचा तांब्या घेऊन किशोरी बाहेर आली, तेव्हा त्यांचे डोळे सताड उघडे होते. घशातून बारीक घुरघुर येत होती. बोटांची टोकं थरथरत होती, बाकी अंग दगड.

तिनं ओळखलं. आणि एक क्षण तिच्या मनात आलं, राहू दे असंच. कळू दे जरा.

मग तिनं तांब्या ठेवला आणि त्यांची करंगळी धरून हलवली. काशिराम धडपडत उठून बसले. घामानं बनियन भिजलं होतं. त्यांनी छातीवरचा कागद उचलून पाहिला, फिरवून पुन्हा पाहिला.

"तुला कसा कळला?" त्यांनी विचारलं. किशोरीनं सिस्टरचं सगळं बोलणं सांगितलं. सासऱ्यांसमोर एवढं ती पहिल्यांदाच बोलली.  रात्री काशिरामनी तिच्या उशाकडचा कोयता उचलून परसात नेऊन ठेवला.

रविवारी ते सगळ्यांना घेऊन नेऱ्याला गेले, वसुंधरा सिस्टरनाही. दाजींनी किशोरीकडे पाहून तोंड उघडलं, तोच काशिराम उभे राहिले.

"दाजी, काल ती माज्या छातीवर बसली."

 दाजी मुरलेला माणूस, लगेच म्हणाले, "आमाला ठावं होतं. हिरवा लुगडा."

"नाय दाजी. पांढरा शर्ट होता, हातात टेप. मोजणीवाला होता तो. महिनाभर त्याचीच धास्ती हाय माज्या डोक्यात." काशिराम हात जोडूनच बोलत होते. "आन् चंद्रा बाळंतिणीलाच धरते, आसा तुमीच बोललात. मंग मी कदी बाळंत झालो?"

आधी मागच्या रांगेतली एक म्हातारी हसली, मग सगळा आंबा हसला. दाजी सात पिढ्यांच्या शापाबद्दल काही बोलत राहिले, पण ते कुणाच्या कानापर्यंत पोचलं नाही.

हसू ओसरल्यावर सिस्टरनी सगळ्यांना समजावून सांगितलं. दोन रात्री झोपू दिलं नाही आणि तिसऱ्या रात्री उताणं पाडून वर ओझं ठेवलं, तर धडधाकट पहिलवानालाही कुणीतरी छातीवर बसल्यासारखं वाटेल. कोण बसायचं ते भीती ठरवते, आणि भीतीला नाव दाजी देतात. छातीवर ओझं वाटलं तर नीट झोप घ्या, वारंवार होत असेल तर डॉक्टरला दाखवा. आणि कुणी तुमचं स्वप्न आधी सांगितलं, तर त्याला एकच विचारा, हे मला दिसणार ते तुम्हाला आधी कळलं, की तुम्ही सांगितलंत म्हणून मला दिसलं?

किशोरी हे ऐकायला थांबली नव्हती. सोनाबाईंच्या मांडीवरून तिनं लेकीला उचललं. कुणी अडवलं नाही. आंब्याच्या मागे, भिंतीकडे तोंड करून ती बसली आणि तिनं मुलीला पाजायला घेतलं. दूध आटत आलं होतं, पण मुलगी सोडेना.

पुढे तिला ते दोनदा झालं. डोळे उघडे, अंग दगड, छातीवर भार. लुगडं मात्र कुठल्याच रंगाचं नव्हतं. तिनं करंगळी हलवली, कुशीवर वळली आणि समृद्धीला जवळ ओढून झोपली.