कुंकवाखालची चार छिद्रे

मित्रांनो, मी एक जुना, हिरवा सर्किट बोर्ड आहे. आकाराने तुमच्या वहीएवढा, पण माझा तोरा मोठा. वाळूजच्या एका छोट्या कारखान्यातल्या लेथ मशीनचा मी मेंदू. लोखंड कुठे आणि किती कापायचे ते मी सांगतो. हात मशीन चालवणाऱ्या पुंजारामकाकांचे, डोके माझे. निदान मी तरी तसे समजतो.

तरुणपणी माझे फार लाड झाले. मालकीणबाई आशाबाई दर खंडेनवमीला माझी पेटी उघडायच्या आणि ओल्या बोटाने मला हळदकुंकू लावायच्या. माझ्या मधोमध थोडी मोकळी जागा आहे, तीच त्यांची ठरलेली. वर्षानुवर्षे थरावर थर चढत गेले. त्या टिळ्याने मी अगदी फुशारून जायचो.

मग माझी प्रणाली, म्हणजे मला चालवणाऱ्या साऱ्या सूचना, ज्या चिपवर होती, ती चिपच खराब झाली. बटण दाबले तरी मी जागा होईना. मला घडवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, त्यामुळे जुनी प्रणाली कुठे मिळेना. मशीन थांबले. त्याच्याच जिवावर कारखाना चालायचा, म्हणून ते भंगारात देऊन शटर ओढायचे ठरले. पुंजारामकाकांनी खिळ्यावरची डब्याची पिशवी काढून घेतली, तेव्हा मला रडू यायचे तेवढे राहिले.

भंगारचा टेंपो यायच्या दिवशी आशाबाईंची भाची सायली आली. ती अशाच यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर आहे. "आत्या, टेंपो येईपर्यंत मला बघू दे," ती म्हणाली. तिने मला ब्रशने झाडून लखलखीत केले, नवी चिप बसवली आणि तिच्यात नवी प्रणाली भरली. प्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. तो कर्नेल तिने खास माझ्या मापाने जुळवून आणला होता.

बटण दाबले आणि माझ्या अंगात वीज सळसळली. मी जागा झालो, धडाधड बोलू लागलो. पण सायलीच्या लॅपटॉपवर एक अक्षरही उमटेना. माझ्या काठावर एकच सॉकेट दिसत होते, त्यात तिने तार घातली होती. मी ओरडत होतो आणि तिला काहीच ऐकू जात नव्हते.

पोरगी हुशार. तिने कर्नेलच्या सुरुवातीलाच एक आज्ञा लिहिली: जागा असशील तर कोपऱ्यातला दिवा लाव. मी लगेच लावला. सायली स्टुलावरून उडालीच.

"काका," मशीनचा निरोप घ्यायला आलेल्या पुंजारामकाकांना ती म्हणाली, "हा जिवंत आहे. बोलतोय पण कुठं, तेच कळंना."

मग भिंग घेऊन ती माझ्या तांब्याच्या रेषांमागे निघाली. एक रेष मधोमध आली आणि कुंकवाखाली गडप झाली. सारा बोर्ड तिने झाडला होता, एवढीच जागा सोडून. आत्ताही तिचा हात अडला. बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला.

आशाबाई जवळ आल्या. "कुंकू पुसू नाय म्हणतात," त्या हळूच म्हणाल्या. "पण त्यानं याचं तोंडच बंद झालं असंल, तर आण तो कापूस. मीच लावलं, मीच पुसते."

कुंकू निघाले आणि खाली चार बारीक छिद्रे दिसली. माझे बोलणे काठावरच्या सॉकेटातून नव्हे, तिथून बाहेर पडायचे. सायलीने तिथे सोल्डरने तारा जोडल्या, बटण दाबले, आणि काय सांगू, पडद्यावर माझी अक्षरे धो धो वाहू लागली. शेवटच्या ओळीत माझी तक्रार होती. माझ्याजवळ आहे त्याच्या दुप्पट मेमरी सायलीने चुकून कर्नेलला सांगितली होती. जी खोली घरातच नाही, तिच्यात पाऊल टाकून मी दर वेळी धडपडत होतो.

"एवढंच होतं का रे," म्हणून सायली हसली. तिने तो एक आकडा बदलला. या वेळी अक्षरे त्या ओळीच्या पुढे धावली आणि मशीनचा स्क्रीन उजळला. पुंजारामकाकांनी सळई अडकवली. चकचकीत कीस उडू लागला.

"लई दिसांनी वास आला ऑइलचा," एवढेच ते बोलले. टेंपोवाला चहा पिऊन रिकामा परत गेला. दुसऱ्या दिवशी काकांची पिशवी पुन्हा खिळ्यावर होती.

यंदा खंडेनवमीला आशाबाईंनी कुंकू माझ्या पेटीच्या दारावर लावले. मी मुळीच रुसलो नाही. मित्रांनो, तुमच्याजवळचे कुणी गप्प झाले, यंत्र असो की माणूस, तर ते संपले असे समजू नका. त्याच्या तोंडावर आपलाच हात तर नाही ना, ते आधी बघा. तो हात मायेचा असला, तरीही बघा.