बोटाखाली मिटणारा मेन्यू

"पुन्यांदा मिटलं बघा," म्हणत कोंडीरामनं लेकीचा फोन शिवकन्याच्या हातात दिला.

तिनं स्वतः दाबून पाहिलं. 'प्रवेश'वर बोट टेकवलं की यादी खाली उतरायची. त्यातल्या 'वसतिगृह अर्ज'कडं बोट न्यावं, तर यादी गुडूप. मुरुम गावच्या कॉलेजात ती अकरा वर्षं कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होती. वेबसाइट तिनंच बनवलेली, हा मेन्यूसुद्धा.

"अक्षदा चार दिस दाबतीय, म्याडम. काल तारीख सरली म्हनं. आमच्या वाडीला सांजची यष्टी न्हाय. वसतिगृह न्हाय मिळालं तर पोरीचं कालेज बंदच."

शिवकन्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं फेब्रुवारीतच सांगितलं होतं, पोरं सगळं मोबाइलवर बघतात, मेन्यू साधा ठेवू. पण संस्थेचे सचिव महालिंगप्पा यांना माउस नेला की पडद्यागत उतरणारा मेन्यू हवा होता. त्यातही पहिल्या जागी संस्थापकांचं घराणं. मग रंगासाठी तिला पानाचं रूप ठरवणारी सीएसएसची फाइल सात वेळा बदलायला लावली. जांभळा नको, कुंकवासारखा लाल करा. फार भडक झाला, उतरवा. मोबाइलचं काम राहूनच गेलं.

फोन घेऊन ती तडक सचिवांकडं गेली. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर माउस फिरवला. यादी झुळूझुळू उतरली.

"उघडतंय की, बाई!"

"यात उघडा, अप्पा."

त्यांनी तडा गेलेल्या काचेवर चार वेळा बोट दाबलं. पाचव्यांदा फोन टेबलावर ठेवला. "फोनच खराब हाय त्यांचा. तारीख गेली ती गेली."

शिवकन्यानं फोन उचलला. जागेवर येऊन तिनं कोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'वेबसाइटच्या दोषामुळे विद्यार्थिनीस मुदतीत अर्ज करता आला नाही.' खाली सही केली, पूर्ण नाव लिहिलं आणि कोंडीरामला घेऊन वसतिगृहाच्या रेक्टर उमादेवींकडं गेली.

कागद वाचून त्या म्हणाल्या, "अगं, हे तुझ्यावरच शेकंल."

"मेन्यू मीच केलाय, अक्का. तिला खाट द्या."

खाट मिळाली. त्याच दुपारी शिवकन्यानं तो मेन्यू कुणाला न विचारता मोडला. अंगठ्याएवढ्या ठळक ओळींची साधी, उघडी यादी केली. वसतिगृह सगळ्यात वर.

महिनाअखेरीला तिचं कंत्राट वाढवलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. शेवटच्या दिवशी सचिवांचा शिपाई निरोप घेऊन आला, "पानाच्या खाली 'रचना : शिवकन्या' आहे ना, तेवढं काढायला सांगितलंय."

तिनं ती ओळ काढली. मग आपल्या मोबाइलवर पान उघडून पाहिलं. ओळ गेल्यामुळं तळाची जागा बोडकी दिसत होती. ती पुन्हा बसली, अंतर बेतशीर केलं, एकदा तपासलं आणि कॉम्प्युटर बंद केला.