दहा गोळ्यांची पट्टी आणि एक अंडं

मी गोळ्यांची पट्टी बोलतेय. डोकेदुखीच्या नव्हे, पित्ताच्याही नव्हे. बाईच्या अंगात महिन्याला एक अंडं पिकायला हवं. ते काही केल्या पिकत नसेल, तर त्याला ढोसून जागं करणाऱ्या गोळ्यांची. बघा, एवढं म्हटलं तरी काही जणांनी नजर वळवली! म्हणूनच मी बोलणार, आणि चांगली मोठ्यांदा बोलणार.

माझा जन्म एका कारखान्यातला. गरम प्लॅस्टिकला दहा खळगे पडले, प्रत्येकात एक पांढरी गोळी टपकली, वरून चंदेरी कागद बसला. तपासणाऱ्या बाईंनी मला उजेडात धरलं आणि "ठीक आहे" म्हणून पुढे सोडलं. आयुष्यात माझं झालेलं पहिलं कौतुक ते!

मग औषधाच्या दुकानात आले. तिथे माणसं न्याहाळायला मिळाली. खोकल्याचं औषध लोक ऐटीत खोकून मागतात. माझी चिठ्ठी मात्र कुजबुजत येते. माझी मालकीणही तशीच आली. आधी उगाच एक कंगवा घेतला, मग गर्दी हटल्यावर चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने मला कागदी पिशवीत घातलं, तिने पर्सच्या तळाशी, आणि वर तो कंगवा.

मालकीण बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर बिया मांडायच्या, कितव्या दिवशी किती उगवल्या ते बघायचं. हातात सदा चिमटा, म्हणून तिथे तिला सगळे 'चिमटाबाई' म्हणतात. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लग्नाला चार वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाईंनी आधी त्याची तपासणी केली, मग तिची. "दोघांचं बाकी सगळं उत्तम आहे. अंडं पिकून बाहेर पडत नाही, एवढंच," त्या म्हणाल्या. दोन महिने पाच-पाच दिवस रोज एक गोळी दिली. दोन्ही वेळा सोनोग्राफीत अंड्याची पिशवी दहा मिलिमीटरवर येऊन अडली.

"या महिन्यात रोज दोन. पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून, पाच दिवस. याही वेळी अडली, तर या गोळ्या बंद. मग दुसरी वाट शोधू," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

म्हणजे या गोळ्यांची शेवटची संधी मीच! माझ्या दहाही खळग्यांत काय धडधड झाली म्हणून सांगू!

घरात मालकिणीच्या सासूबाईही होत्या. त्यांना कळू नये म्हणून मी बटणांच्या डब्यात राहायला गेले. गुरुवारी पहिल्या दोन गोळ्या गेल्या, शुक्रवारी आणखी दोन. मालकिणीला गरमगरम वाफा येत, मधेच रडू येई. नवऱ्याने पंखा वाढवला तर "गारठवून मारतोस का?" आणि कमी केला तर "मला भाजून काढ!" बिचारा रेग्युलेटरवर हात ठेवूनच उभा.

शनिवारी सकाळी नवऱ्याच्या शर्टाचं बटण तुटलं. सासूबाईंनी डबा उघडला आणि मी त्यांच्या हातात!

"या कसल्या गं गोळ्या?"

"व्हिटॅमिनच्या आहेत आई," मालकीण म्हणाली.

"मग एक मला दे. गुडघे फार धरलेत."

त्यांनी अंगठा माझ्या पाचव्या खळग्यावर ठेवलासुद्धा! मी ओरडले असते, पण मला तोंड कुठलं?

"आई, नको!" मालकिणीने त्यांचा हातच धरला. "त्या... त्या अंडं पिकायच्या गोळ्या आहेत. माझं पिकत नाही म्हणून."

नवऱ्याने पंख्याकडे बघितलं. सासूबाईंनी मला टेबलावर ठेवलं, चष्मा काढून पदराने पुसला.

"मग बटणांत काय लपवतेस? चोरीचा माल आहे का?" त्या म्हणाल्या. "हा जन्मायच्या आधी मला सहा वर्षं बोलणी खावी लागली. तेव्हा एवढीशी गोळी कुणी दिली असती, तर गळ्यात माळ करून मिरवली असती मी. बस इथे. डॉक्टर कधीपासून घ्यायच्या म्हणाल्या?"

"तिसऱ्या दिवसापासून."

सासूबाईंनी बोटं मोजायला घेतली. "सोमवारी पोट धरून तू घरी आलीस, गरम पाण्याची पिशवी मीच दिली. सोमवार एक, मंगळवार दोन, बुधवार तीन. चार खळगे रिकामे, म्हणजे तू गुरुवारी सुरू केल्यास."

"सोमवार एक नाही आई. सोमवार शून्य."

"शून्याचा दिवस कुठे असतो गं?"

"आमच्या प्रयोगशाळेत. बी मांडलं तो दिवस शून्य, दुसरा दिवस—" आणि मालकिणीचा चेहरा पांढराफटक पडला. बियांचा हिशेब तिने स्वतःला लावला होता!

"घालवला मी महिना," ती म्हणाली. "शेवटचा होता. आज चार घेऊ का? म्हणजे भरून निघेल."

"अजिबात नाही," नवरा म्हणाला. "लिफ्ट अडकली की लोक सगळी बटणं एकदम दाबतात, मग आणखी बिघडते. आधी फोन कर."

फोन लागला. डॉक्टरीणबाई पलीकडे हसल्या. "चौथ्या दिवशी सुरू केल्या तरी चालतात. रोज दोनच, पाच दिवस पुरे करा. चार एकदम घेतल्या असत्यात तर मात्र मी रागावले असते! सोनोग्राफीला एक दिवस उशिरा, पुढच्या शनिवारी या."

त्या दिवसापासून मी जेवणाच्या टेबलावर राहू लागले, मिठाच्या बरणीशेजारी. सोमवारी शेवटची जोडी गेली आणि मी रिकामी झाले. पण मालकिणीने मला टाकलं नाही. डॉक्टरीणबाईंना दाखवायला पर्समध्ये ठेवलं, या वेळी सगळ्यांत वर.

शनिवारी सोनोग्राफी. "डावीकडे पंधरा मिलिमीटर!" पंधरा! दहाचा अडसर पार! नवऱ्याने आनंदाच्या भरात खुर्चीलाच मिठी मारली. पण पिकणं वेगळं आणि बाहेर पडणं वेगळं. सोमवारी पिशवी एकोणीस मिलिमीटरची झाली.

"आता दोन-तीन दिवस दोघांनी घरी एकमेकांना वेळ द्यायचा. रोज. कळलं ना?" डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

नवऱ्याचे कान लाल. "पण मॅडम, कुणी तिसऱ्या मजल्यावर अडकलं तर?"

"दुसऱ्या कारागिराला पाठवा. माणसं तासभर थांबतील, अंडं थांबणार नाही."

त्या तीन दिवसांबद्दल मी काही सांगणार नाही. फोन बंद होता आणि सासूबाईंना अचानक बहिणीची फार आठवण येऊन त्या तिच्याकडे राहायला गेल्या होत्या, एवढंच.

गुरुवारी तिघंही दवाखान्यात. मालकीण आत गेली; पर्समध्ये मी. मला पडदा दिसत नव्हता, फक्त यंत्राची घरघर ऐकू येत होती. डॉक्टरीणबाईंनी मालकिणीला कुशीवर वळायला सांगितलं, मग पुन्हा सरळ.

"ती पिशवी दिसतेय का तुम्हाला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही," मालकीण पुटपुटली. "गेली का?"

"फुटली! फुटायलाच हवी होती. अंडं बाहेर आलंय तुमचं."

मालकीण चपला घालायचंही विसरली. पर्स तेवढी खांद्याला लावून अनवाणी बाहेर आली आणि भरल्या खोलीत ओरडली, "आई, अंडं बाहेर आलं!"

सासूबाई गुडघे विसरून उठल्या. नवरा हसत होता की रडत होता, कळेना. बसलेल्या बायका आधी दचकल्या, मग एकीने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच.

मूल राहिलं की नाही, ते चौदा दिवसांनी कळेल. ते माझ्या हातात नाही. माझं काम अंड्यापुरतं, आणि ते मी केलं! जाता जाता एवढंच विनवते : शेजारणीने गोळ्या घेतल्या म्हणून तुम्ही घेऊ नका, डॉक्टरांनी तपासून दिल्या, मधेमधे सोनोग्राफी केली, तरच मी भल्याची. तपासणी दोघांची करा. आणि जिला माझी गरज आहे तिला मान खाली घालायला लावू नका. शरीराला थोडी मदत लागणं हा काही गुन्हा नाही.

टाळ्या थांबल्यावर कोपऱ्यातली एक बाई उठून जवळ आली. "ताई," तिने दबक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला कितव्या महिन्याला गुण आला?"

मालकिणीने सगळ्यांदेखत मला पर्समधून बाहेर काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"तिसऱ्या," ती म्हणाली, मुळीच आवाज न दबवता. "बसा इथे. सगळं सांगते."