मोरचुदाची पूड

तेजलनं कात्रणवहीच्या नाडीची गाठ सोडली, पुठ्ठा अलगद उलटला आणि तिचा जीव भांड्यात पडला. पहिलं पान शाबूत होतं. विद्यापीठाच्या अभिलेख विभागात आल्यापासून तिनं कसरीनं चाळण केलेले इतके कागद पाहिले होते, की काहीही उघडण्याआधी वाईटच मनात यायचं.

समोर देवळाली कॅम्पच्या जैतुनबी बसल्या होत्या, शेजारी त्यांची नात रिदा. जैतुनबींचा मुलगा फराज विद्यापीठाच्या संघातून फुटबॉल खेळायचा. त्याच्या सामन्यांच्या बातम्या कापून त्यांनी या वहीत चिकटवल्या होत्या, घरातला त्याचा एकुलता एक फोटोही. रिदा पोटात असताना तो अपघातात गेला. घर गळकं, म्हणून विद्यापीठानं मागितल्यावर त्यांनी वही देऊन टाकली. विद्यापीठानं शाल दिली, नारळ दिला, वही कपाटात ठेवली आणि खुशाल विसरून गेलं. रिदा मालेगावला आजोळी वाढली. आता तिचं लग्न ठरलं होतं. त्याआधी बापाचं तोंड एकदा बघायचं, एवढाच तिचा हट्ट होता.

"फोटो शेवटच्या पानावर आहे," जैतुनबी म्हणाल्या.

तेजल पानं उलटत गेली. कात्रणं पिवळी पडली होती, पण अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. शेवटचं पान आलं. फोटोच्या कडा होत्या, जर्सीची एक बाही होती, खाली बूट होते. चेहऱ्याच्या जागी भोक होतं आणि भुरकट चुरा.

रिदानं चुऱ्यावर बोट ठेवलं आणि चटकन मागे घेतलं.

तेजलला काही उमजेना. सगळी वही धडधाकट, मग कसरीनं नेमकं हेच कसं गाठलं?

"आजी, खळ कशाची केली होती?"

"मैद्याची. त्यात मोरचुदाची पूड. हिचे दादा, म्हणजे आजोबा, बाइंडिंगचं काम करायचे ना. म्हणायचे, जहर आहे, किडा फिरकणार नाही."

"या फोटोलाही तीच लावली होती?"

जैतुनबींनी डोक्यावरची ओढणी उगाचच सारखी केली.

"नाही. याला साधी लावली. चांगली जाड. पोराच्या तोंडाला जहर कसं लावू, बाई?"

 तेजल पानाकडेच बघत राहिली.

सावरली ती रिदाच. तिनं आजीचा हात हातात घेतला.

"जाऊ द्या, दादी. तुम्हीच सांगा अब्बू कसे दिसायचे. मी डोळे मिटते."

तिनं खरंच डोळे मिटले.

"उंच होता," जैतुनबी म्हणाल्या. "रंग..." त्या थांबल्या. "नाक..."

 त्या भोकाकडे बघत राहिल्या.

"मलाही आता आठवत नाही, बेटा. मीपण बघायलाच आले होते."

रिदानं डोळे उघडले नाहीत.